पाटावर बसविलेल्या पुस्तकांची उत्तरपूजा

श्रीसरस्वती वाचणारांस प्रसन्न असो, आणि वाचू न देणारांस सद्बुद्धी देवो. उठाव शके साठ, विस्मरण नाम संवत्सर, आश्विन शुद्ध पक्षी एके राज्यात जे वर्तमान जाहले, ते येणेप्रमाणे. त्या राज्यात पूर्वी जुलमी राजा होता, त्यास रयतेने उठाव करोन गादीवरून खाली ओढिले, आणि आपल्यातील एक शहाणा पाहोन गादीवर बसविला, आणि मग त्याचा पुत्र बसला, आणि मग नातू बसला, तेच हल्लीचे राजश्री. गादी तीच, लोडही तेच, फक्त अभ्रे नवे. त्या नगरात साळू कोष्टीण, भिवजी कुंभार आणि मुद्गल जोशी ऐशी तीन तरणी पोरे होती, त्यांस इतिहासाचे वेड लागले. आमचे आजे-पणजे लढले, ते कैसे लढले, हे वाचावे म्हणोन दरबारी पुस्तक आणिले, तो त्यात राजश्रींच्या आजोबांच्या घोड्याचे वर्णन तीन अध्याय, आणि रयतेस अर्धी ओळ, तीही घोड्यास चंदी घालण्यापुरती. पोरे खवळली, आणि दरबारच्या ग्रंथशाळेत जाऊन ग्रंथपाल विसाजीपंतांस सरळ पुसती जाहली, "पंत, उठावावर एखादे चांगले पुस्तक आहे काय?"

हीच चूक जाहली. 'पुस्तक' पुसते तर चालते, 'चांगले' पुसिले, म्हणजे दरबारी पुस्तक वाईट ठरले! पंत घामाघूम जाहले, दाराकडे पाहिले, आणि हळूच साळूस बोलिले, "आहेत गं पोरी. जे लढले त्यांनीच लिहिलेली आहेत. पण ती पूजेत आहेत." मग उलगडा जाहला तो ऐसा की, हल्लीच्या राजश्रींच्या तीर्थरूपांनी चाळीस वर्षांमागे एके दसऱ्यास ती पुस्तके सरस्वतीपूजनास पाटावर मांडविली, आणि उत्तरपूजा करूच दिली नाही. पूजेतले पुस्तक वाचू नये हा तो घरोघरचा रिवाज. तेव्हापासोन दरसाल दसऱ्यास पुस्तके पालखीतून मैदानात येतात, राजश्री स्वहस्ते फुले वाहतात, रयत उभी राहोन हात जोडते, आणि पुस्तके परत कुलपात जातात. जाळिते तर लोक बोंब मारिते. पूजा केली, तेव्हा कोण काय बोलणार? ऐसा तो पाताळयंत्री बेत. मुद्गल भटाघरचा, तो बोलिला, "पंत, चाळीस वर्षे देवीस पाटावर बसविलेत, तिचे पाय अवघडले नसतील?" पंत बोलिले, "देवीचे ती पाहील. पुस्तकास जो हात लावील तो हद्दपार, हे तू पाहा."

घरी साळूच्या बापाने, राणोजी कोष्ट्याने, हात जोडिले. "साळे, तुझी आई गेली, आता तूही वेशीबाहेर गेलीस तर मी या मागावर बसून कोणाशी बोलू?" साळूचे डोळे भरले, पण मान वाकली नाही. बोलिली, "बाबा, आज्याच्या पाठीवर कोरड्याचे वळ होते म्हणता. ते कशापायी उठले, हे मला घोड्याच्या पोथीतून कळायचे का?"

दसरा उजाडला. मैदान भरले, भर उन्हात पालखी आली, राजश्री गादीवर बसले, बाकी सारे उभे, कारण राजश्रींपुढे बसणे म्हणजे गुन्हा. आणि राजश्रींनी फुले वाहिली न वाहिली तोच मुद्गल पुढे जाहला, गंध लाविले, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखविला, अक्षता टाकिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणोन पाट किंचित हलविला, आणि चाळीस वर्षांची राहिलेली उत्तरपूजा चार पळांत उरकली. मग साळूने वरचे पुस्तक उचलिले. भालदार धावले. राजश्री गरजले, "ठेव ते खाली! देव आहे तो!" साळू बोलिली, "महाराज, पाटावर होता तोवर देव होता. उत्तरपूजा झाली. आता पुस्तक आहे." आणि हळदकुंकवाने चिकटलेली पाने नखाने सोडवोन मोठ्याने वाचू लागली, "आम्ही ज्यास गादीवर बसविले, त्याने दरसाल दसऱ्यास रयतेपुढे उभे राहावे. रयत बसेल. रयत पुसेल त्याचे उत्तर तो देईल, आणि उत्तर मिळेतोवर बसणार नाही. ऐसे कबूल करोन तो गादीवर बसला."

राजश्रींचा चेहरा उतरला, मग लाल जाहला, आणि त्यांनी कारकुनास हुकूम सोडिला, "हद्दपारीचा कागद लिही!" कारकून लिहू लागला. आणि तेव्हा गर्दीतून कोणी मनुष्य मटकन खाली बसला. लोक पाहतात तो राणोजी कोष्टी! कालपर्यंत लेकीस हात जोडणारा, तो मांडी घालोन बसला आणि बोलिला, "माझी पोर कुठे जात नाही. मी बसलो आहे." मग भिवजी बसला, मग कुंभारवाडा बसला, मग बाया पोरे कडेवरून उतरवोन बसल्या, आणि भालदार "उठा, उठा!" ओरडत फिरले, तो एकास उठवावे तर दहा बसावे. शेवटी विसाजीपंत धोतर सावरीत बसले, तेव्हा कागद लिहिणाऱ्या कारकुनासही राहवेना, तोही बसला. अवघे मैदान बसले. राजश्री सभोवार पाहू लागले, आणि काय जाहले कोण जाणे, आपसूक उठोन उभे राहिले. साळूने पुसिले, "महाराज, आमचे पुस्तक आम्हांपासून का लपविले?"

उत्तर आले नाही. एवंच, सूर्य कलला तरी राजश्री उभेच आहेत आणि रयत बसलीच आहे. हद्दपारीचा कागद लिहोन तयार आहे, परंतु दस्तुराप्रमाणे त्यावर सही गादीवर बसोनच करावी लागते, आणि बसावयाची परवानगी रयतेने अद्याप दिलेली नाही.