आप्पांची वाट आणि प्रभुलिंगच्या चहाच्या फेऱ्या

आपल्या हातून कुणाचा एक फोटोसुद्धा कधी उडालेला नाही, असं सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला प्रभुलिंग छातीठोकपणे सांगायचा. दुरुस्तीला मोबाइल येवो की कॉम्प्युटर, त्याचा मंत्र ठरलेला: "आधी उतरवून घ्यायचं, मग पुसायचं." त्याच्या बायकोला, चंद्रिकाला, तो झोपेतही म्हणता आला असता.

नातेपुत्याकडचा सिद्धनाथ डबी घेऊन आला, तेव्हा त्यालाही हा मंत्र ऐकवून झाला. डबी म्हणजे प्रभुलिंगनंच बनवलेला जीपीएस. गेल्या दिवाळीनंतर सिद्धनाथचे वडील, आप्पा, मेंढरं घेऊन नेहमीच्या सहा महिन्यांच्या वाटेला लागले, तेव्हा ती पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात होती. कोणत्या विहिरीवर पाणी पाजू देतात, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतात, हे चाळीस वर्षं पुरतं एकट्या आप्पांना ठाऊक. श्रावणात आप्पा गेले. सिद्धनाथची उमेदीची सगळी वर्षं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात गेलेली, आणि यंदा दिवाळीनंतर कळप घेऊन त्यालाच निघायचं होतं.

"समदं हाय न्हवं ह्यात?" त्यानं विचारलं.

"पाऊल न्‌ पाऊल आहे. काढून देतो की."

"एडका लई म्हातारा झालाय. पर वाट त्यालाच म्हाईत, म्हनून ठेवलाय."

"आता त्याची काय गरज? विकून टाका बिनघोर."

सिद्धनाथनं ऐकलं. प्रभुलिंगचं लोक ऐकतात, हाच तर सगळा घोटाळा आहे!

डबी भरली होती. नव्या फेरीआधी तिच्यातल्या नोंदी उतरवून ती रिकामी करायची होती. पुसण्याचा सराव म्हणून प्रभुलिंगनं आधी स्वतःच्या स्कूटरची तसलीच डबी घेतली. मंत्राप्रमाणे तिच्यातल्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवल्या, टेबलावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या एका छोट्या चिपमध्ये, पुसायचा प्रोग्राम चढवला आणि तिच्या वायरी डबीला जोडल्या. चुटकीसरशी डबी साफ! चंद्रिकाला हाक मारून ते कौतुक दाखवूनही झालं. मग त्यानं त्याच वायरींना आप्पांची डबी जोडली आणि आता वाचायचा प्रोग्राम चढवावा म्हणून केबल लावली.

मायक्रोकंट्रोलरचा स्वभाव मोठा इमानी. करंट मिळाला की तो शेवटचं शिकवलेलं काम आधी करून टाकतो, नवं काही सांगेपर्यंत थांबत नाही. आणि त्याला शेवटचं शिकवलं होतं पुसायला.

पडद्यावर आलं, ‘नोंदी: शून्य’. प्रभुलिंगनं घाबरून केबल उपटली, पुन्हा लावली. मायक्रोकंट्रोलरनं ती रिकामी डबी इमानानं पुन्हा एकदा पुसली.

"खरं काय ते सांगून टाका," चंद्रिका म्हणाली.

"दोन दिवसांत काढतो की परत," म्हणत त्यानं सिद्धनाथला फोन लावला आणि फाइल लई मोठी असल्यामुळं वेळ लागतोय, अशी थाप ठोकली. दोन दिवस तो जेवला नाही, आणि डबीतून काही निघालंही नाही.

तिसऱ्या दिवशी सिद्धनाथ आला तो आईला, मायाक्काला, घेऊनच. म्हातारीनं पिशवीतून काळं घोंगडं काढून प्रभुलिंगच्या मांडीवर ठेवलं. "ह्येंनी कातरलेल्या लोकरीचं हाय. तुझ्यासाठनं आनलं. आता दाव, कुटनं कुटनं चालले ते."

प्रभुलिंग कॉम्प्युटरकडे वळला. त्यावर नोंदींची फाइल एकच होती. हातानं तीच उघडली. डोकं तर केव्हाच जागेवर नव्हतं. पडद्यावर निळी रेघ उमटली.

मायाक्कानं चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "ह्यो मानूस कुटं जातच न्हाय की. तितल्या तितंच घुमतोय."

"आई, हे सोलापूर हाय," सिद्धनाथ हळूच म्हणाला.

"ते माझं आहे, मायाक्का," प्रभुलिंगला आता बोलावंच लागलं. "दुकानातून चहाच्या गाड्यावर आणि परत. आप्पांचं पुसलं गेलं, माझ्या हातून, उतरवून घ्यायच्या आधीच. माझ्या चहाच्या फेऱ्या तेवढ्या जपून ठेवल्यात मी."

मग एकदम त्याला आठवलं. "एडका! त्याला वाट माहीत आहे की!"

"गेल्या बाजारात विकला," सिद्धनाथ म्हणाला. "तुमीच म्हनलासा."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रभुलिंगला वाटलं. फार फार वाटलं. पण मायाक्का एवढंच म्हणाली, "वही घे."

ती सांगू लागली आणि प्रभुलिंग लिहू लागला. कुठली विहीर, मालक कोण, कुणाचं कुत्रं वाईट, कुठल्या रानात चार रात्री बसायचं. मोडनिंब गाव आलं आणि ती थांबली.

"म्होरं?" सिद्धनाथनं विचारलं.

"म्होरलं मला न्हाय ठावं. तुज्या शाळेसाठनं मी तितनं माघारी फिरायची. म्होरं ते एकलेच जायाचे."

पान अर्धंच भरलं होतं. प्रभुलिंगनं घोंगडं परत पुढं केलं, तर तिनं घेतलं नाही. "थंडी तुला बी वाजतीच की," म्हणाली.

त्या अर्ध्या पानाच्या त्यानं कोपऱ्यावरून तीन झेरॉक्स काढून आणल्या. एक सिद्धनाथला दिली, एक मायाक्काला. तिसरी अजून दुकानात आहे. तिला तो चंद्रिकाचं पुसायचं फडकंसुद्धा लागू देत नाही.