फक्कीचं घर

बसाप्पा अण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या घराच्या भिंतीतून आत शिरलो होतो.

यात माझा काही दोष नव्हता. भिंत नव्हतीच. कसबा बावड्यात मी नुकतीच भाड्याने खोली घेतली होती. शेजारच्या अर्ध्या गुंठ्याच्या मोकळ्या प्लॉटवर एक गृहस्थ स्टुलावर बसून पेपर वाचत होते. भोवती जमिनीवर चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारलेल्या. मी आपला ओळख करून घ्यावी म्हणून सरळ त्यांच्याकडे चालत गेलो, तर ते एकदम कडाडले, "ओ पावणं! भिंतीतनं कुठं येतायसा? दार हाय की तिकडं!"

मी दचकून मागे सरलो. त्यांनी बोट दाखवलं तिथे रेघ दोन-अडीच फूट तुटलेली होती. वळसा घालून मी तिथून आलो. "हां, आता या. चपला भायेर." भर दुपारी, उघड्या जमिनीवर, मी चपला काढल्या. तळपायाला चटके बसत होते आणि माणूस चक्रम आहे याबद्दल माझी खात्री पटली होती.

अण्णा मूळचे कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका खेड्यातले. कोल्हापुरात एका फौंड्रीत पॅटर्न मेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हणजे आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. ते काम अण्णांचं. तीस वर्षं तेच केल्यामुळे "आदी पॅटर्न, मग ओतकाम" हा त्यांचा जगण्याचाच नियम होऊन बसला होता. परगावी जायचं असलं तर ते आदल्या दिवशी त्याच वेळेला, रिकामी पिशवी घेऊन, एकदा स्टँडपर्यंत जाऊन यायचे. एवढंच नव्हे, गाडी किती वाजता सुटली ते लिहून आणायचे.

तर हे फक्कीचं घर म्हणजे होणाऱ्या घराचा पॅटर्न. उणंपुरं दहा बाय सोळाचं. दर रविवारी अण्णा आणि अक्का सकाळीच स्टो घेऊन यायचे आणि दिवसभर त्या रेघांत संसार करायचे. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. बुटक्या, हसऱ्या, बोलायला कमी. त्या रेघांच्या स्वयंपाकघरात चहा करायच्या आणि बेताची पावलं टाकत रेघांच्या बैठकीत आणून द्यायच्या. दूधवाल्याने दाराशी थांबून तोंडाने "ट्रिंग" म्हणावं अशी अण्णांची अपेक्षा असे, आणि तो बिचारा म्हणतही असे. एकदा शेजारची म्हैस आत शिरली तेव्हा अण्णांनी मला हाक मारली, "सर, म्हस मोरीत हुबी हाय, जरा हाकला की!" मी शाळामास्तर. दुसऱ्याच्या म्हशी हाकणं माझ्या नोकरीत बसत नव्हतं, पण गेलो. दारातून गेलो.

या सगळ्या खेळात अण्णांना घाई मात्र विलक्षण. "दिवाळीच्या आत आमची मंडळी घरात गेली पायजे," ते भेटेल त्याला सांगायचे. "त्येच्याफुडं एक दिस न्हाई."

पावसाळा सरता सरता बांधकाम सुरू झालं आणि अण्णांचं दुसरं खूळ बाहेर आलं. फौंड्रीत केसाएवढा फरक पकडणारा हा माणूस स्वतःच्या घराला टेप लावू देईना. त्यांच्याकडे सागवानी काठी होती, दीड फुटाला थोडी कमी. सगळं माप त्या काठीने. दार ते स्वयंपाकाचा ओटा चार काठ्या, ओटा ते मोरी तीन.

शंकर गवंडी वैतागला. "अण्णा, टेप हाय की माझ्याकडं. हे काठीचं काय काढलायसा?"

"टेप दुसऱ्याच्या घराला लाव. हितं काठीच."

ओटा रिवाजाप्रमाणे बांधला तर अण्णांनी तो चार बोटं खाली घ्यायला लावला. रोज संध्याकाळी कामावरून आले की ते अर्धवट बांधकामात डोळे मिटून चालायचे. चार पावलं, थांबा, हात पुढे. तीन पावलं, थांबा. मी खिडकीतून बघायचो आणि बायकोलाही बोलावून दाखवायचो. आम्ही दोघे हसायचो, हे कबूल केलं पाहिजे.

दसऱ्याच्या आधी घोटाळा झाला. शंकर मनाने चांगला. अक्कांना धुणं धुवायला ऐसपैस जागा मिळावी म्हणून त्याने आपल्याच विचाराने मोरीची भिंत वीतभर पुढे घेतली. रविवारी अण्णा डोळे मिटून निघाले ते थेट त्या भिंतीवर कपाळ आपटून थांबले. टेंगूळ आलं. अण्णा ओरडले नाहीत. पहार आणली आणि भिंत पाडायला घेतली.

"अय्य, नवं भिताड वो!" अक्का कळवळून म्हणाल्या. अण्णांनी ऐकलं नाही.

सोमवारी शंकरने विटांचा ढीग पाहिला, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि म्हणाला, "असलं येडं घर मला न्हाय जमायचं." तो गेला तो गेलाच. दसरा उलटला. घराला मोरी नव्हती, छप्पर नव्हतं, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. शेवटी मीच अण्णांना धरून शंकरच्या दारी नेलं. मनात म्हटलं, आज एकदा या काठीचा निकाल लावू.

शंकरच्या अंगणात अण्णांनी आधी दारापाशी चपला काढल्या. मग काठी पुढे धरून म्हणाले, "ही काठी मंडळीच्या पावलाची हाय, शंकर. तिला काचबिंदू झालाय. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, गेलेली नजर माघारी येत न्हाई, आन् ऱ्हायलेली बी जाणार. दिसतंय तवर तिचं घर पाठ झालं पायजे. भाड्याच्या खोलीत पाठ करून काय उपेग? मालक कवा बी ऊठ म्हणतोय."

मला त्या क्षणी माझ्या खिडकीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत शंकर प्लॉटवर हजर होता. दाराच्या चौकटीबाहेर त्याने चपला काढल्या, डोळे मिटले आणि काठीच्या मापाने स्वतः चालून बघितलं. मग अक्कांना भिंतीजवळ उभं करून म्हणाला, "अक्का, हात वर करा. सहज जातोय तितकाच." जिथे हात टेकला तिथे त्याने कोळशाने खूण केली. भांड्यांची फळी तिथे बसली. दिवाळीच्या दोन दिवस आधी पत्र्याचं छप्पर चढलं, जंगमस्वामी येऊन पूजा झाली, आणि अक्का उंबरा ओलांडून आत गेल्या. घर एवढं लहान की आम्ही जेवलो चार-चारच्या पंगतीत.

अक्कांची नजर पुढे हळूहळू गेलीच. पण त्या घरात त्या कधी अडखळल्या नाहीत.

काही वर्षांनी मी कळंब्याला छोटं घर बांधायला काढलं. तेव्हा अण्णा न बोलावता आले आणि म्हणाले, "आईंचं पाऊल दावा." माझी आई ऐंशीच्या घरात, गुडघ्यांनी बेजार. तिला व्हरांड्यात चालवून अण्णांनी तिच्या पावलाएवढी नवी काठी कापली आणि खाटेपासून मोरीपर्यंत, तिचा हात पोचेल तिथे, सागवानी कठडा स्वतः बसवून दिला. आई शेवटपर्यंत कुणाला हाक न मारता, आपल्या पायांनी मोरीला गेली. तिला त्याचा फार अभिमान होता.

आई गेल्यावर, महिन्याभराने, अण्णांचे आभार मानायला मी बावड्याला गेलो. संध्याकाळ होती. मी वाक्य मनात जुळवतो आहे तोवर लोडशेडिंगची वेळ झाली आणि वीज गेली. आत मिट्ट काळोख. मी हललो तर गुडघा स्टुलाला लागला.

"बसा सर, गडबडू नका," अण्णांचा आवाज आला. "मंडळी चा आणतीया."

भांड्याचा आवाज आला. कप ठेवल्याचा आला. मग पावलं, एकसारखी, न चाचपडणारी. गरम कप नेमका माझ्या हातात आला. "साखर बरी हाय न्हवं, सर?" अक्कांनी विचारलं आणि त्या परत फिरल्या.

"बघितलासा?" अण्णा हळूच म्हणाले. "आमच्या घरातली लाईट जात न्हाई."

मला हसू आलं. तेवढ्यात बल्ब लागला. समोर अण्णा बसले होते, ताठ, दोन्ही डोळे घट्ट मिटून. गुडघ्यावर एक बोट अक्कांची पावलं मोजत होतं.

मी काही विचारणार, तेवढ्यात ओट्यापासून अक्कांचा आवाज आला.

"पंखा फिराय लागला वो. डोळं उघडा आता. मी पोचली."