प्रेमानंदभाऊंची सुसंगतता

ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याच प्रश्नासाठी समिती नेमणं हिताचं असतं. उत्तर ठाऊक नसलं की समिती ते शोधत बसते आणि कामाचा वेळ फुकट जातो. आमच्या पॅरिशने हे तत्त्व कायम पाळलं आहे. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक घरं. आमच्याकडे घरं ११८ आणि समित्या २३.) त्यांतल्या चौदा समित्यांचा मी सचिव आहे, तेव्हा पुढची हकिगत अधिकृत समजायला हरकत नाही.

प्रेमानंद फ्रान्सिस हे कोराडीच्या वीज केंद्रातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको सरिता दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी माया आणि जावई हिंगण्याला कारखान्यात पाळ्या करतात, त्यामुळे भेट रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या, म्हणजे प्रार्थनाविधीच्या, वेळी. बाकीचे सहा दिवस प्रेमानंदभाऊ घरी एकटे. अशा माणसाने एखाद्या समितीत यावं, पण ते फ्रीमेसनांच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळापासूनच्या एका गुप्त बंधुसंघाच्या, लॉजमध्ये गेले. तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सभा असते आणि सभेनंतर जेवण.

हे जवळपास दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग मायाच्या मुलीचं, आठ वर्षांच्या नूपुरचं, पहिलं कम्युनियन ठरलं. (वेदीवरची पवित्र भाकर मूल पहिल्यांदा घेतं, तो विधी.) आमच्याकडे रीत अशी की मूल वेदीकडे चालत जातं तेव्हा उजवीकडे आईवडील आणि डावीकडे आजी किंवा आजोबा असतात, आणि मुलापाठोपाठ तेही कम्युनियन घेतात. नूपुरने डावी बाजू आजोबांना देऊन टाकली होती. त्याच सुमारास कोण्या नातेवाइकाने लग्नाच्या पंगतीत प्रेमानंदभाऊंच्या कानावर घातलं की कॅथलिक माणसाला लॉज चालत नाही.

दुसरा कोणी असता तर बहिरा झाला असता. पण चौतीस वर्षं कोळशाच्या फायली सांभाळलेल्या माणसाला शंका आली की अर्ज सुचतो. त्यांनी तो केला, रीतसर, तीन प्रतींत. विषय : फ्रीमेसनरी व कॅथलिक श्रद्धा यांच्या सुसंगततेबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

फादर इग्नेशियस यांनी अर्ज उभ्या उभ्याच वाचला आणि उत्तर दिलं. रोमने १७३८ सालीच मनाई केली. १९८३ मध्ये पुन्हा लिहिलं की लॉजमध्ये जाणारा कॅथलिक गंभीर पापात असतो आणि त्याला कम्युनियन घेता येत नाही. २०२३ मध्ये कोणी परत विचारलं, तर तेच उत्तर परत पाठवलं. लॉज सोडायचं, कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, करायचं, मग कम्युनियन घ्यायचं. एवढं सांगायला त्यांना अर्धा कप चहाही लागला नाही.

इतक्या कमी वेळात मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवणं पॅरिश कौन्सिलला जड गेलं. रविंद्र हे आमचे बांधकाम कंत्राटदार सदस्य. ते म्हणाले की रोमचं ठीक आहे, पण नागपूरची परिस्थिती वेगळी असू शकते. पहिल्या कम्युनियनला सात आठवडे होते. लगोलग 'सुसंगतता पडताळणी समिती' स्थापन झाली. (खरं कारण इतकंच की लॉजच्या बंगल्यात आत काय चालतं ते आम्हा सगळ्यांना तीस वर्षांपासून बघायचं होतं. हे कारण इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

समितीने आधी घरोघरी जाऊन मत घेतलं. लॉजमध्ये काय चालतं, या प्रश्नाला ६१ घरांनी बोकड कापतात असं सांगितलं. २२ घरांनी कवटी सांगितली. १४ घरांच्या माहितीनुसार तिथे रेल्वेतले मेलेले इंग्रज साहेब अजूनही हजेरी लावतात. २० घरांनी जेवण चांगलं असतं म्हणे, असं लिहून दिलं. एका घराने रकाना कोरा सोडला. ते घर प्रेमानंदभाऊंचं होतं, म्हणून त्यांचं उत्तर टाळाटाळीचं धरलं गेलं.

मग स्थळपाहणी. लॉज सिव्हिल लाइन्सकडे झाडीत आहे, जुने लोक त्याला भूतबंगला म्हणतात. लॉजचे सचिव पुष्कर यांनी आमचं फार अगत्याने स्वागत केलं आणि कोथिंबिरीची सांबारवडी दिली, त्यामुळे संशय बळावला. आत काळ्यापांढऱ्या फरश्या होत्या. टेबलावर बायबल, गीता, कुराण आणि गुरू ग्रंथसाहिब शेजारी शेजारी ठेवले होते आणि कोणी कोणाशी भांडत नव्हतं. भिंतीवर गुण्या आणि कंपासची खूण होती. रविंद्र यांनी खिशातला टेप काढून गुण्या तपासला. तो बरोबर नव्वद अंशांचा निघाला. वीस वर्षांच्या धंद्यात असला काटकोन पाहिला नाही, असा शेरा त्यांनी नोंदवला. महिला मंडळाच्या अंजनाबाईंनी सभासद कमरेला बांधतात तो एप्रन उलटासुलटा करून पाहिला. तो स्वयंपाकाच्या कामाचा नाही, असं त्यांचं मत पडलं.

सभेत धर्मावर आणि राजकारणावर बोलायला बंदी असते, हे पुष्कर यांनी सांगितलं तेव्हा मात्र समिती हादरली.

"धर्मावर नाही बोलत, राजकारणावर नाही बोलत," अंजनाबाई म्हणाल्या. "मंग तीन तास करता काय जी तुम्ही?"

पाठ केलेले विधी म्हणतो आणि मग सोबत जेवतो, असं उत्तर आलं. ते अर्थातच कोणाला पटलं नाही.

चौथ्या आठवड्यात प्रेमानंदभाऊंची साक्ष झाली. आतली खूण कोणती, हात कसा मिळवता, शपथ काय घेता, असे एकोणीस प्रश्न आम्ही काढले होते. भाऊ म्हणाले, शपथ घेतली आहे, सांगता येणार नाही. रविंद्र यांनी विचारलं की मग निदान गेलात कशाला ते तरी सांगा.

"सरिता गेली, तर महिन्याच्या मिस्सेपर्यंत सारे येत होते," भाऊ म्हणाले. "मंग कोणी नाही आलं. दोन वर्षांपासून एकट्यापुरता भात लावून राहिलो मी. तिथं दुसऱ्या शनिवारी लोक सोबत बसून जेवतात, उशीर झाला तर काहून झाला म्हणून पुसतात. चूक असन तर सोडतो मी. पण सोडून कायले धरू, ते बी सांगा."

मी इतिवृत्तात 'साक्षीदाराने विषयांतर केले' असं लिहिलं आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

पाचव्या आठवड्यात समितीने असुसंगततेच्या कसोट्या ठरवल्या. बंद दाराआड बैठक, आपल्या माणसांना आधी मदत आणि नव्या माणसाला सगळ्यांच्या संमतीशिवाय प्रवेश नाही, या तीन. लॉज तिन्हींत सापडलं. फादरनी सहज सुचवलं की याच कसोट्या पॅरिशमधल्या इतर मंडळांनाही लावून पाहाव्या. तसं केलं तेव्हा सतरा मंडळं असुसंगत निघाली. त्यांत आमचा वधूवर परिचय मंच पहिला आला, कारण त्याच्या फॉर्मवर 'बाप्तिस्म्यापूर्वीची जात' असा रकाना आहे. (आमच्या घरांचा बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या. रकाना कोणी कोरा सोडत नाही.) यावर दीड तास गंभीर चर्चा झाली. हा कौटुंबिक प्रश्न असल्याने श्रद्धेशी त्याचा संबंध येत नाही, असं एकमताने ठरलं. कसोट्या फक्त लॉजपुरत्या ठेवण्यात आल्या.

अहवाल लिहायला मी मुदतवाढ मागितली होती. तेवढ्यात पहिल्या कम्युनियनच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला. समितीचा निर्णय काही आलेला नाही, हे प्रेमानंदभाऊंनी सकाळी माझ्याकडे येऊन खात्री करून घेतलं. मग ते लॉजवर गेले, राजीनामा दिला, पोच घेतली आणि तिथून थेट कन्फेशनला आले. रविवारी ते नूपुरच्या डाव्या हाताला चालले. पोरगी आजोबांचा हात घट्ट धरून होती. त्यांच्यामागे रांगेत आम्ही सगळे होतो, परिचय मंचाचे पदाधिकारी सर्वांत पुढे. प्रत्येकाला कम्युनियन मिळालं, कारण आमच्यापैकी कोणीही कधी लेखी विचारलेलं नव्हतं.

प्रेमानंदभाऊंच्या शेवटच्या प्रश्नाचीही कौन्सिलने दखल घेतली. 'एकाकी सभासद भेट उपसमिती' तातडीने नेमली गेली. तिच्यात यायला एकतीस जणांनी हात वर केले, पॅरिशच्या इतिहासात हा उच्चांक आहे. सोयीचा वार म्हणून दुसऱ्या शनिवारची संध्याकाळ ठरली. आमचा हॉल भाऊंच्या घरापासून चार घरांवर, त्यामुळे बैठकीतून त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. भेटीला एकाने जावं की दोघांनी, जाताना काय न्यावं, आणि गेल्यावर किती वेळ बसावं, यावर आजवर पाच बैठका झाल्या. फादर मधेच एकदा न विचारता जाऊन जेवून आले. कोरम नसल्याने ती भेट धरता आली नाही.

सध्या एक नवीन अडचण उभी राहिली आहे. पुष्कर अधूनमधून भाऊंकडे डबा घेऊन येताना दिसतात. माजी सभासदाने लॉजच्या माणसाच्या डब्यातली खिचडी खाणं श्रद्धेशी सुसंगत आहे का, हा प्रश्न उपसमितीपुढे आहे, आणि तो सुटेपर्यंत भेटी सुरू करणं योग्य होणार नाही.

वाचकांनी या बाबतीत सूचना जरूर पाठवाव्यात. आपल्याही गल्लीत असं एकट्याचं घर असेलच. त्या दाराशी आपण आजवर जो संयम दाखवलात, तो आमचा ठराव होईपर्यंत तसाच ठेवावा, ही विनंती.