शनिवारचा धूर

माणसाने आयुष्यात एखादी तरी वस्तू बायकोला न विचारता विकत घ्यावी, असं मला एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात वाटलं आणि मी मोटारसायकल घेतली. साधी नाही. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळणारी, शर्यतीची. कामठीच्या छावणीतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी ती विकायला काढली. गाडी माझ्या लग्नापेक्षा सहा वर्षांनी जुनी होती आणि (लग्नासारखीच) आवाज करत का होईना, चालू होती. कॉलेजात असताना अशा गाडीवर हवेत उडालेल्या माणसाचा एक फोटो मी मासिकातून कापून वहीत ठेवला होता. पुढे मी तालुका कचेरीत कारकून झालो आणि उडी मारण्याचे प्रसंग फक्त बस पकडताना येऊ लागले. त्यामुळे ही गाडी मला किती प्रिय होती ते सांगायला नको. मी तिच्यावर प्रेम करत होतो, आणि पुढचा सगळा घोळ त्या प्रेमानेच केला.

गाडी धूर सोडायची. थोडा धूर तर या जातीच्या गाड्या सोडतातच. त्यांच्या इंजिनाला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. पण आमचा धूर निळसर पांढरा, दाट आणि हट्टी होता. लकडगंजच्या मागच्या आमच्या गल्लीत एकदा शिरला की पलीकडच्या आरागिरणीपर्यंत जायचा नाही. समोरच्या रंभाबाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत मात्र जायचा.

एका रविवारी रंभाबाई ताटलीत भाजलेला पापड घेऊन आल्या आणि तो सुमतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातावर ठेवला.

"खाऊन पाह्य वं जरा."

सुमतीने तुकडा मोडला. चावला. मग माझ्याकडे पाहिलं.

"पेट्रोल पंपावर उभं राहून जेवून राहिल्यासारखं वाटते," ती म्हणाली.

"वर्षाची बेगमी आहे माही," रंभाबाई म्हणाल्या. "पाच किलो उडदाची." आणि ताटली तिथेच ठेवून गेल्या.

त्या दिवशी सुमतीने निकाल दिला. तिचा भाऊ केशव उमरेडला राहायचा. घरचे हातमाग बसल्यावर त्याने रसवंती काढली होती आणि उसाच्या चरकाला एक इंजिन तो शोधतच होता. "येत्या रविवारी केशवदादा येऊन राहिले," ती म्हणाली. "तवापर्यंत धूर बंद झाला तर गाडी तुमची. नाही तर इंजिन चरकाले."

"अगं, शर्यतीची गाडी आहे ती. उसाचा रस काढायला नाही."

"लोकाइचे पापड धुपवाले आहे काय मंग?"

 आई शेजारीच वाती वळत बसली होती आणि तिने कधी नव्हे ते सुनेची बाजू घेतली. "चंद्रभान, मले तर त्या गाडीचा शनीच बरा दिसत नाही गा," ती म्हणाली.

माझ्यासारखा कारकून संकटात सापडला की एकच गोष्ट करतो. नोंदवही उघडतो. खरं तर मी ती आधीच उघडली होती, गाडी आणल्यापासून. तारीख, वार, धुराचा रंग, वास, शेरा असे रकाने आखले होते. धुराची दाटी मोजायलाही मी पद्धत बसवली होती. गाडी सुरू करून फाटकाकडे बघायचं. फाटक दिसलं तर 'सौम्य', नाही दिसलं तर 'तीव्र' आणि फाटकाशी उभी असलेली सुमती ऐकू येऊनही दिसली नाही तर 'अतितीव्र'. (अतितीव्रचे दिवस तसे मला सुखाचे जायचे, पण ते शेऱ्यात लिहिलं नाही.)

सोमवारी रजा टाकली आणि गाडी घेऊन वाडीला गेलो. तिथे ट्रकांच्या गोदामांमागे बाबूलाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. बाबूलालने आधी नुसती गाडी सुरू करून बघितली. धुरातून बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाप्पा. माह्या पंधरा ट्रकाइले भारी आहे हे."

दोन दिवस त्याने इंजिन खोललं. मी कचेरीतून सुटलो की तिथे जाऊन बसायचो आणि तिचे सुटे भाग बघून जीव कासावीस करून घ्यायचो. बुधवारी संध्याकाळी बाबूलालने फडक्याला हात पुसले.

"इंजिनातलं सील गेलं असतं तर गिअरबॉक्समधलं तेल आत खेचल्या गेलं असतं अन् कमी झालं असतं. ते तर जसंच्या तसं आहे. पिस्टनच्या रिंगाही बराबर आहेत. हिले बिमारी नाही जी. हिले कोणी तरी जास्त खाऊ घालून राहिलं. तेल किती टाकता?"

"पंपावरचा शालिकराम टाकतो की. मापाने."

"अन् तुम्ही?"

 मी कबूल केलं की घरी आल्यावर आणखी एक माप मीही टाकतो. परका माणूस कितीही झाला तरी हात राखूनच टाकणार, असं मला वाटायचं. आपल्या घरच्या जिवाला पोळीवर जरा जास्त तूप वाढतात, तसंच हे होतं.

बाबूलालने कपाळाला हात लावला. काळा पंजा उमटला. मग त्याने माझी नोंदवही मागितली आणि बोट फिरवत बराच वेळ वाचली. "एवढ्यानं इतका धूर नाही होत," तो म्हणाला. "हे पाहा. दर शनिवारी संध्याकाळी अतितीव्र. बुधवारपर्यंत उतरते. अन् शनिवारच्या वासाच्या रकान्यात हे काय लिहून ठेवलं? भजे?"

ते मी रंभाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खात्यात धरलं होतं.

"शनिवारी काय होते जी तुमच्या घरी?"

"काही नाही. आईचा उपास असतो."

गुरुवारी इंजिन जोडून गाडी घरी आणली. शनिवारी मी सकाळीच कचेरीतून पोट दुखतंय म्हणून निघालो आणि न्हाणीघरात लपून बसलो. दाराच्या फटीतून अंगण दिसत होतं. थोड्या वेळाने आई मारुतीच्या देवळातून आली. हातात तेलाची वाटी होती, अर्धी भरलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं, गाडीच्या टाकीचं झाकण काढलं, वाटी आत रिकामी केली आणि टाकीला हात लावून तो कपाळाला नेला.

मी बाहेर आलो. "आई, हे काय करून राहिली?"

ती बिलकुल दचकली नाही. "शनीचं तेल आहे. अर्धं मारुतीले, अर्धं हिले. धूर कमी होऊ दे म्हणून नवस बोलली मी."

"कधीपासून?"

"तू आणली तवापासून. धूर वाढून राहिला म्हणून मागच्या महिन्यापासून वाटी मोठी केली."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. ज्या गाडीबद्दल घरात कोणी बरा शब्द काढायला तयार नव्हतं, तिच्यासाठी ही म्हातारी उपाशी पोटी तेल वाहत होती.  मग लक्षात आलं की धूर वाढला की आई तेल वाढवायची आणि तेल वाढलं की धूर वाढायचा, आणि मारुतीच्या हातात यात काही उरलंच नव्हतं.

निदान तर झालं. आता उपाय. तेल एकाच माणसाने टाकायचं, आणि तो माणूस या विषयातला जाणकार हवा. म्हणजे पंपावरचा शालिकराम. मी कचेरीच्या पद्धतीने एक सूचना लिहिली आणि टाकीवर चिकटवली: 'या वाहनात कोणीही, कोणत्याही कारणास्तव तेल टाकू नये. हुकमावरून.' खाली सही आणि तारीख. आई आणि सुमती दोघींना वाचून दाखवली. दोघींनी मान डोलावली.

मग टाकी रिकामी केली, आतून धुतली आणि रविवारी सकाळी ताजं पेट्रोल भरायला पंपावर गेलो. तिथे कचेरीतले गोपाळराव भेटले. त्यांना मी भज्यांच्या वासाची हकिकत पहिल्यापासून सांगितली. ती संपली तेव्हा शालिकरामने टाकी भरून झाकणही लावलं होतं.

घरी केशव चरकाची मापं घेऊन आला होता. सुमती फाटकाशी उभी राहिली, रंभाबाई गच्चीवर. मी किक मारली. फाटक दिसलं. सुमती दिसली. आरागिरणी दिसली. आरागिरणीवरची पाटीसुद्धा वाचता आली.

"अवो माय," रंभाबाई वरून म्हणाल्या. "धूरच नाही."

केशवने मापांचा कागद घडी करून खिशात घातला. सुमती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "चांगली दिसून राहिली जी गाडी." लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने माझ्या एखाद्या निर्णयाबद्दल असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी इतका फुगलो की घरी थांबणं शक्य नव्हतं. "कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन येतो," म्हणालो आणि निघालो.

कामठी मागे पडली. धूर नाही. मी मागे वळून वळून खात्री करत होतो. पूल दिसू लागला तेव्हा इंजिन एकदम किंचाळलं, मागचं चाक जागच्या जागी थिजलं आणि गाडी व मी वेगवेगळ्या दिशांनी रस्त्याच्या कडेला गेलो. कॉलेजच्या वहीतल्या फोटोतला माणूस साधारण तसाच उडालेला होता.

एका कोळशाच्या ट्रकवाल्याने आम्हा दोघांना मागे टाकून आणलं. वाटेत पंपाशी मी त्याला थांबवलं.

"शालिकराम, तेल टाकलं होतं ना?"

"नाही जी." त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "तुमचाच हुकूम वाचला न. सहीसकट. साहेबाचा हुकूम म्हटल्यावर मी कायले टाकतो?"

आमच्या घरातून निघालेल्या हुकमाचं शंभर टक्के पालन होण्याची ती पहिलीच वेळ होती.

बाबूलाल सोमवारी येऊन पाहून गेला. इंजिन कोरडं पळून आतल्या आत चिकटलं होतं. केशवने चरकालाही ते नको म्हटलं. सुमतीने शब्द पाळला. धूर बंद झाला होता, त्यामुळे गाडी माझीच राहिली. ती अंगणात उभी असते. रंभाबाई आता आमच्या अंगणात पापड वाळत घालताना चादरीचं एक टोक हँडलला बांधतात आणि आई दर शनिवारी टाकीला हळदकुंकू लावते, कारण मारुती नवसाला पावला. मी नोंदवही मात्र सोडलेली नाही. रोज संध्याकाळी गाडीसमोर बसतो, फाटकाकडे बघतो आणि धुराच्या रकान्यात लिहितो: निरंक.