नानांनी खणलेला पाया

आमच्या गावातून इंजिनियर होणारा पहिला माणूस मीच असणार, याबद्दल मला अजिबात शंका नव्हती. गावालाही नव्हती, कारण मी गावाला शंका घ्यायला सवडच दिली नव्हती! चोपड्याच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला, एसटीला आणि केळीच्या ट्रकला मी स्वतः थांबवून सांगितलं होतं की या शालिग्रामला जळगावला प्रॉडक्शन इंजिनियरिंगला प्रवेश मिळालाय.

ही एकोणनव्वद सालातली गोष्ट. कॉलेज नवंकोरं, जळगावच्या बाहेर, भोवती कपाशीची शेतं. इतकं नवं की वर्कशॉपची वाढीव शेड अजून कागदावरच होती आणि तिचा कॉन्ट्रॅक्टर पावसाळ्यापासून 'उद्या येतो' म्हणत होता.

एकच अडचण होती. इंजिनियरिंग चार वर्षांचं. पण आमच्यासारख्या खेड्यातून मराठीत शिकून आलेल्या पोरांसाठी या कॉलेजानं आधी एक तयारीचं वर्ष ठेवलं होतं. फाउंडेशन इयर! त्यात इंग्रजी, गणित, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. म्हणजे एकूण पाच वर्षं. आता गावात 'चार वर्षांचं शिक्षण हा पाच वर्षांत करणार' हे कळलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी नापास झालो असा अर्थ निघाला असता!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी ही बातमी जरा सजवून सांगितली. आमच्या ओट्यावर पुनानाना बसले होते. पुनानाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचा, केळीची बाग त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा आणि पुतण्याही त्यांचाच, कारण त्यांना मूलबाळ नव्हतं.

"काय रे शालिक," नानांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "आते काय शिकाडतस तुले?"

"नाना, यंदा फाउंडेशन," मी ऐटीत म्हणालो. "फाउंडेशन म्हणजे पाया! अख्ख्या कॉलेजात ते काम फक्त आमच्या वर्गाकडे आहे. पाया पक्का झाल्याशिवाय पुढे कुणाला सरकूच देत नाहीत!"

"पाया?" नाना पुढे सरकले. "आनि कितला दिन चालस हाई पायानं काम?"

"पूर्ण एक वर्ष! फार मेहनत आहे, नाना. हे बघा!" आणि मी दोन्ही हात पुढे केले. तळहातावर टपोरे फोड आले होते. फिटिंगच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा चौकोनी करायला दिला होता आणि मी तो कानशीनं घासत होतो. तो चौकोनी सोडून बाकी सगळ्या आकारांचा होत होता. पण हे काही मी सांगितलं नाही. फोडांनाच बोलू दिलं.

नानांनी माझा हात हातात घेतला. एकेक फोड मोजून पाहिला. नानांच्या पत्नी वच्छलानानींनी आतून हळद आणून लावली आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, काय मान आहे आपल्याला!

सुट्टी संपली, मी जळगावला परतलो आणि सगळं विसरलो. नाना विसरले नव्हते.

डिसेंबरात आमच्या कॉलेजात कबड्डीच्या आंतरकॉलेज स्पर्धा ठरल्या. धुळ्यापासून पाचोऱ्यापर्यंतचे संघ येणार होते. आमचे खेळाचे सर, रतिलाल सर, महिनाभर शिट्टी तोंडात धरूनच झोपत असावेत. मागच्या मैदानावर त्यांनी शुक्रवारी स्वतः वाकून वाकून पांढऱ्या फक्कीनं कोर्ट आखलं. रेघ अशी सरळ, की आमच्या ड्रॉइंगच्या सरांनाही हेवा वाटावा!

शनिवारी सकाळी आम्ही वर्कशॉपमध्ये होतो. सगळा वर्ग एकदम कानस मारायला लागला की शंभर कावळे एकाच वेळी घसा साफ करतायत असं वाटायचं. त्यामुळे कॉलेजच्या फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला, हे आम्हाला ऐकू आलं नाही.

पुढचं सगळं मला नंतर वॉचमननं सांगितलं. ट्रॅक्टर नानांचा. मागच्या ट्रॉलीत केळीच्या बागेत काम करणारी माणसं, टिकाव, फावडी, घमेली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरींची भलीमोठी टोपली. पहाटे गावातून निघालेले.

"कुठून आलात?" वॉचमननं विचारलं.

"चोपडाकडथून. फाउंडेशनना कामले ऊनूत आम्ही."

वॉचमनचा चेहरा उजळला. प्रिन्सिपॉल सर रोज त्याला विचारायचे, शेडच्या पायाची माणसं आली का? आणि रोज नाही म्हणून तो ओशाळा झाला होता.

"या, या! अहो, कधीपासून वाट बघतोय तुमची! मागे जा सरळ. कालच आखून ठेवलंय!" मागच्या रेघा शेडसाठीच आहेत, असा त्याचा समज होता.

नानांनी मागे जाऊन पाहिलं. खरंच आखलेलं होतं. खेड्यात घर बांधताना मारतात तशीच फक्की! नाना कोर्टाभोवती फिरले आणि त्यांनी नकाशा वाचला. "दख भो, दोन खोल्या. मधमा हाई भित. दोन्ही अंगले ओटा." मग जरा नाराजीनं म्हणाले, "खोल्या धाकल्या शेतस. पन आपले काय! पोऱ्यानं काम हलकं व्हवाले पाहिजे. चला, खंदा!"

आणि त्यांनी खणायला सुरुवात केली.

जेवणाच्या सुट्टीत माझा खोलीतला सोबती अमरसिंग धावत आला. तो सातपुड्याच्या पायथ्याचा. एरवी भूकंप झाला तरी तो चालत जाऊन सांगेल असा शांत. तो धावतोय म्हटल्यावर मी हातातला घास खाली ठेवला.

"शालिक, तुझे नाना आलेत."

"अरे वा! कुठे आहेत?"

"खड्ड्यात."

मी मागच्या मैदानाकडे पळालो. बघतो तर काय! रतिलाल सरांच्या प्रत्येक रेघेच्या जागी गुडघाभर खोल चर! बाहेरच्या रेघा, मधली रेघ, बाजूच्या रेघा, एकही सुटली नव्हती. वरून विमानातून पाहिलं असतं तर कुणीतरी जमिनीत कबड्डी कोरून ठेवलीय असं वाटलं असतं! आणि मधल्या चरात, धोतर खोचून, घामानं निथळत, पुनानाना उभे. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला ओरडताच येईना.

"ये रे पोऱ्या! तू हात लाऊ नको. तुन्हा फोड बरा व्हऊ दे. सांजलोंग बठ्ठा पाया खंदी टाकतस आम्ही. मंग तुन्हं एक वरीस वाची जाई. चार वरीसमा इंजिनेर!"

मी चराच्या काठाशी वाकलो. "नाना! अहो, पाया म्हणजे असला पाया नाही! अभ्यासाचा पाया! गणिताचा!"

"गनितना?" नानांनी फावडं थांबवलं. "मंग तुन्हा हातले फोड कशाना व्हतात?"

"कानशीचे."

"आनि हाई? हाई कसानं घर शे?"

"घर नाही नाना, हे कबड्डीचं मैदान आहे. उद्या सकाळी स्पर्धा आहे!"

सगळे टिकाव एकदम थांबले. नाना चराच्या ज्या काठावर एक पाय टेकवून उभे होते, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि हळूच पाय काढून घेतला, जसा काही त्यामुळे फरक पडणार होता!

तेवढ्यात रतिलाल सर आले. त्यांनी मैदान पाहिलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही, शिट्टी आली. एक लांब, केविलवाणी शिट्टी! आणि ते चराच्या काठावर मटकन बसले.

आणि नेमकी त्याच वेळी प्रिन्सिपॉल सरांची जीप आली. धुळ्याच्या संघाच्या बसला वाट दाखवत, त्यांच्या कॅप्टनला शेजारी बसवून ते मुद्दाम स्वतः आले होते. लांबूनच त्यांना टिकाव, फावडी आणि मातीचे ढीग दिसले, आणि त्यांनी जीपमध्येच टाळी वाजवली. "बघा! आला एकदाचा कॉन्ट्रॅक्टर! आमच्या वर्कशॉपचा पाया सुरू झाला!"

मग जीप जवळ आली. टाळी हवेतच राहिली.

"ही... ही माणसं कुणाची?" सरांनी खाली उतरून विचारलं.

वॉचमननं माझ्याकडे बोट दाखवलं. अमरसिंगनं माझ्याकडे पाहिलं. शिट्टीनंसुद्धा माझ्याच दिशेला तोंड केलं.

"माझी, सर," मी म्हणालो.

"तू कोण?"

"फाउंडेशन इयर, सर."

"ते दिसतंयच!" सर गरजले. "उद्या सकाळी इथे मैदान नसेल, तर परवापासून तू या कॉलेजात नसशील! समजलं?"

समजलं होतं. इंग्रजीतून नव्हतं ना! गावात काय सांगायचं हेसुद्धा डोळ्यांसमोर आलं. ज्या प्रत्येक बैलगाडीला, एसटीला आणि ट्रकला थांबवलं होतं, त्या सगळ्यांना पुन्हा थांबवावं लागणार!

तेवढ्यात नाना चरातून वर आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माझ्या आयुष्यात मी त्यांना कुणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "सायेब, पोऱ्याले काही बोलू नका. तो काही बोलना नही, मीच ऊनू. तेनं शिक्षन बंद करू नका. जे सांगशात ते आम्ही करूत."

प्रिन्सिपॉल सर घड्याळाकडे बघायला लागले. मग चरातून आवाज आला. रतिलाल सर खाली उतरले होते आणि मूठभर माती चुरून बघत होते.

"सर," ते म्हणाले, "गेल्या वर्षी या मैदानावर पोरांचे गुडघे फुटले होते. फरशीवर कबड्डी खेळवतोय असं वाटायचं. मैदान खणून द्या म्हणून मी किती अर्ज केले!"

"हो, पण..."

"आता रेघा खणल्याच आहेत, तर मधलंही खणू. माती चाळू, पसरू. मऊ मैदान होईल, सर. नाहीतर हे नुसतं बुजवून काय मिळणार?"

प्रिन्सिपॉल सरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी टोपी डोक्यावर घातली. "चला रे!" एवढंच म्हणाले, आणि टिकाव पुन्हा पडायला लागले.

आमचा अख्खा वर्ग कामाला लागला. धुळ्याची पोरंसुद्धा शर्ट काढून उतरली. ओतकामाच्या वर्कशॉपमधल्या वाळूच्या चाळण्या आणल्या. आता मला वाटलं, हीच वेळ आहे गेलेली अब्रू मिळवायची! वर्कशॉपच्या तासाला आम्हाला काम कसं वाटून द्यायचं, हे नुकतंच शिकवलं होतं. मी ढिगावर उभा राहून हुकूम सोडले. "एकानं फक्त खणायचं! दुसऱ्यानं फक्त भरायचं! तिसऱ्यानं फक्त चाळायचं! कुणीही दुसऱ्याचं काम करायचं नाही! बघा, वेग कसा दुप्पट होतो!"

वेग खरंच दुप्पट झाला. फक्त चाळलेली माती पसरायला मी कुणाला नेमलंच नव्हतं! थोड्या वेळानं मैदानाच्या एका टोकाला सातपुड्याची एक छोटी शाखा तयार झाली, आणि रतिलाल सर आपली सायकल शोधायला लागले. सायकल तिथेच होती. फक्त घंटी वर होती.

"शालिक," अमरसिंग म्हणाला, "तू बोलू नको आता. घमेलं उचल."

मी घमेलं उचललं. या वेळचे फोड खरे मातीचे होते, आणि ते मी कुणाला दाखवले नाहीत. मध्येच कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फिरला. प्रिन्सिपॉल सरांनी आधी नको म्हटलं, मग अर्धी घेतली, मग दुसऱ्या अर्धीसाठी हात पुढे केला आणि ठेच्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाले, "चिडलोय मी अजून!"

दिवे लागायच्या आत मैदान झालं. गादीसारखं! रतिलाल सरांनी पुन्हा फक्की मारली, आणि या वेळी नाना शेजारी उभे राहून कुणालाही तिच्या जवळ येऊ देत नव्हते.

रविवारी स्पर्धा झाल्या. एकाचाही गुडघा फुटला नाही. आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला, पण अगदी आरामात, काही न लागता हरला! धुळ्याच्या संघानं ढाल जिंकली, आणि असं मैदान आम्हाला कुठेच मिळालं नाही, असं त्यांच्या कॅप्टननं माईकवरून सांगितलं. प्रिन्सिपॉल सरांनी नानांना स्टेजवर बोलावून नारळ दिला, हार घातला. नानांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"सायेब, मैदान पक्कं करी दिन्हं. आते मन्हा पोऱ्यानं ते एक वरीस कमी करी टाका!"

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. "नाना, ते एक वर्ष तुमच्यानंसुद्धा कमी व्हायचं नाही," सर म्हणाले. "पण पोराला मी काढत नाही. शब्द दिला!"

मी मागच्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होतो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "फाउंडेशन इयरचे विद्यार्थी शालिग्राम यांनी ताबडतोब स्टेजजवळ यावे!"

मी ताडकन उठलो. शर्ट खोचला. अमरसिंगनं कंगवा दिला. भांग पाडत मी खुर्च्यांच्या मधून निघालो. लोक वळून बघत होते, नाना हार घालून टाळ्या वाजवत होते. मी मनात दोन शब्दांचं भाषणही जुळवलं. स्टेजजवळ पोचलो, वाकून नमस्कार केला आणि हारासाठी मान पुढे केली.

सर माईकच्या बाजूनं खाली वाकले. "अरे, धुळ्याची बस निघायचीय. तुमचा ट्रॅक्टर फाटकात आडवा उभा आहे. तेवढा बाजूला घे."

मी मान मागे घेतली. "सर, मला ट्रॅक्टर चालवता येत नाही."

"काय? इंजिनियर होणार ना तू?"

"हो सर," मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "पण इंजिन आम्हाला थर्ड इयरला आहे."

माईक चालूच होता.