निळ्या जीपची सवय

खेड्यातली माणसं वाचत नाहीत याचा लीलाधर भिरूडला फार राग येई. ती वाचत नाहीत, कारण पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत, हे एका सोमवारी त्याच्या ध्यानात आलं. मंगळवारी त्याला पुस्तकं न पोचवणाऱ्या सगळ्यांचा राग आला. त्यांत तो स्वतःही होता. म्हणून बुधवारी त्यानं ठरवलं की गाडी घ्यायची आणि फिरतं वाचनालय काढायचं.

लीलाधर जळगावच्या एका हायस्कुलात मास्तर होता. पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहत होता आणि त्याच्या मालकीचं वाहन म्हणजे एक सायकल होती (तिचं मागचं चाक सासऱ्यांनी बसवून दिलेलं). वाचनालयासाठी त्यानं मित्रांचं एक मंडळ स्थापन केलं. मंडळाची वर्गणी जमली ती नव्या गाडीच्या भोंग्यापुरती होती. मग कुणीतरी सांगितलं, धुळ्याच्या रतनलाल शेठजींकडं एक जुनी जीप आहे, सरकारी लिलावात घेतलेली, स्वस्तात देतील.

"सरकारी म्हणजे कुठल्या खात्याची?" प्रमिलानं विचारलं. प्रमिला त्याची बायको. माहेर फैजपूरचं, केळीच्या बागायतदाराचं. त्यामुळं माल आधी उलटून बघायचा आणि मग बोलायचं, हे तिच्या रक्तातच होतं.

"सरकारी म्हणजे सरकारी."

"अहो, पण खातं कुठलं?"

"पोलीस," लीलाधर भिंतीकडं बघत म्हणाला.

प्रमिलानं तव्यावरची पोळी उलटली. "पोलिसांची गाडी दारात उभी राहिली तर लोक काय म्हणतील?"

"गाडी गुन्हेगार नसते, प्रमिला! जिच्यातून माणसं तुरुंगात गेली, तिच्यातूनच आता पुस्तकं गावात जातील. यातलं परिवर्तन तुला दिसत नाही?"

"तिच्यातून मला फैजपूरला जाता येईल का, तेवढं सांगा."

"येईल."

"मग बघून या."

शेठजींचं धुळ्यात सरकीचं दुकान होतं. जीप दुकानामागं उभी होती. रंग निळा. दारावरची 'पोलीस' ही अक्षरं रंग मारून झाकली होती, पण तो रंगही निळाच आणि अक्षरं मूळची जाड, त्यामुळं तिरकं ऊन पडलं की ती पहिल्यापेक्षा ठळक दिसत. मागं समोरासमोर दोन बाकं आणि एक लोखंडी कडी.

"ही कडी कशाला?"

"आरोपीची बेडी अडकवायला," धनसिंग म्हणाला. धनसिंग या जीपचा ड्रायव्हर. खात्यात असताना त्यानं हीच जीप जळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षं चालवली होती. ती लिलावात गेली तेव्हा तोही निवृत्त होऊन, नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा, तिच्याबरोबर शेठजींकडं आला होता.

इथं कंदील अडकवता येईल, असं लीलाधरनं मनाशी ठरवलं.

"घेऊन जा मास्तर," शेठजी म्हणाले. "चालवून पाहा. धनसिंग येईल बरोबर. रविवारी परत या. पसंत पडली तर बोलू."

जीप सुरेख पळाली. एकच खोड होती. रेडिएटर गळत होतं, त्यामुळं मधूनमधून थांबून पाणी टाकावं लागे. पण ते रेडिएटर मोठं शिस्तीचं होतं. मोकळ्या रानात ते कधीच गळलं नाही. गळायचं ते दुकानासमोर. पारोळ्याच्या अलीकडं भिकनच्या हॉटेलासमोर गळलं, एरंडोलला उखर्डूच्या भाजीच्या मळ्याशी गळलं आणि पाळधीला एका किराणा दुकानाच्या पायरीला लागून गळलं. प्रत्येक वेळी धनसिंग झाकण उघडून पाणी टाके आणि लीलाधर खाली उतरून इंजिनात बघे (इंजिनातलं त्याला काही कळत नव्हतं, पण बघणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे असं तो मानी).

एका गोष्टीनं त्याचा ऊर भरून आला. खेड्यातली माणसं जीप थांबताच उठून उभी राहत. बिड्या विझवत. टोप्या सरळ करत. सामान्य जनतेत ज्ञानाबद्दल इतका आदर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आता आम्ही येत जाऊ," तो भिकनला म्हणाला. "दर आठवड्याला."

भिकनचा चेहरा उतरला. "दर आठवडाले? पहिले महिनाले व्हतं, साहेब."

"आता दर आठवड्याला. आणि कुणाकडून काही घेणार नाही!"

भिकननं धनसिंगकडं पाहिलं. धनसिंग पाणी टाकत होता.

दुपारी पिंप्राळ्यात जीप आली. लीलाधर हातपाय धुऊन, एक डुलकी काढून जेवायला बसला. भरीत अप्रतिम झालं होतं. त्यानं दोनदा मागून घेतलं आणि खेड्यातल्या वाचनभुकेवर पानावरच एक छोटं व्याख्यान दिलं. प्रमिलानं ते ऐकून घेतलं.

"वांगी चांगली आणलीत," ती म्हणाली. "तूपही रवाळ आहे. पण कोंबडी कशाला आणली?"

"कसली कोंबडी?"

भिरूडांच्या सात पिढ्यांत घरात अंडं आलं नव्हतं. लीलाधर उष्ट्या हातानं धावत बाहेर गेला. मागच्या बाकावर पाय बांधलेली कोंबडी आरोपीच्या जागी बसली होती.

"धनसिंग! हे काय आहे?"

"गाडीची पद्धत आहे, साहेब," धनसिंग शांतपणे म्हणाला. "मी कुणाला काही मागत नाही. मी फक्त पाणी टाकतो."

लीलाधरनं त्याला तिथंच, अंगणात, सार्वजनिक नीतीवर अर्धा तास सुनावलं. गल्ली गोळा झाली. जीपच्या दारावर ऊन तिरकं पडलं होतं, त्यामुळं भिरूड मास्तरांच्या घरी धाड आली आणि मास्तर पोलिसालाच दम देतायत, अशी बातमी पिंप्राळाभर झाली. दुसऱ्या दिवसापासून गवळ्याचं दूध दाट येऊ लागलं. घरमालक सहा महिन्यांपासून मोरीची फरशी बसवून देणार होता, तो गवंडी घेऊनच आला.

"असली गाडी मला नको!" लीलाधर म्हणाला. "भ्रष्टाचाराची चटक लागलेली गाडी आहे ती!"

प्रमिला नव्या फरशीवर भांडी घासत होती. "गाडीला काय कळतं? तुम्हीच म्हणालात, गाडी गुन्हेगार नसते."

"पण लोक..."

"लोक निळा रंग बघून देतात. आपण पिवळा मारू. वर मंडळाचं नाव घालू. मग पुस्तकंच न्या, कोण नको म्हणतंय? एवढ्या पैशात दुसरी गाडी मिळणार आहे का तुम्हाला?"

मिळणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर रात्रंदिवस लीलाधरला ती जीप पिवळीच दिसत होती. बाकांच्या जागी फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, समोर झाडाखाली बसलेलं अख्खं गाव. ही जीप हातची गेली तर वाचनालय सायकलच्या कॅरिअरवर काढावं लागणार होतं. त्यानं जीप घ्यायचं ठरवलं. मात्र एका अटीवर. जे घेतलं ते परत करायचं.

"वांगी कशी करणार? ती तुम्ही खाल्लीत."

"बाजारातून विकत घेऊन परत करीन!"

रविवारी सौदा करायला प्रमिलाही बरोबर निघाली. वाटेत तिनं नवऱ्याला पढवलं. "हे बघा, शेठजींसमोर गाडीच्या खोडी काढायच्या, म्हणजे भाव उतरतो. टायर झिजलेत म्हणा, टप फाटलंय म्हणा, रेडिएटर गळतं म्हणा. बाकी काही बोलू नका."

"मी लहान मूल आहे का?" लीलाधर म्हणाला.

रेडिएटर पाळधीला गळलं. लीलाधर तुपाचा डबा घेऊन स्वतः दुकानात गेला. परत केलेला डबा बघून दुकानदाराच्या कपाळावर घाम आला. तो आत गेला आणि त्याच्या दुप्पट डबा घेऊन आला. लीलाधर नको नको म्हणत असताना दोन्ही डबे जीपमध्ये गेले.

एरंडोलला उखर्डूनं बाजारची वांगी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली.

"साहेब, हाई वांगं मनं नही शे."

"तुझी आम्ही खाल्ली. ही त्यांच्या बदली."

उखर्डू समजायचं ते समजला. साहेबांना त्याची वांगी आवडली होती आणि बाजारची पसंत नव्हती. त्यानं पोतं भरलं.

पारोळ्याच्या पलीकडं भिकन तर जीप दिसताच रस्त्यावर येऊन उभा होता. लीलाधरनं कोंबडी त्याच्या हातात दिली.

"काबर साहेब? धाकली पडनी का?"

"लहान-मोठीचा प्रश्न नाही! मी कुणाकडूनच काही घेत नाही!"

भिकननं धनसिंगला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "मंग याले जोयजे काय?"

"मी फक्त पाणी टाकतो," धनसिंग म्हणाला.

हे सगळं एकदाच मुळापासून साफ करावं म्हणून लीलाधर हॉटेलाच्या बाकावर उभा राहिला आणि त्यानं भाषण सुरू केलं. कायदा, लोकशाही, नागरिकांचे हक्क. 'कायदा' हा शब्द येताच भिकन मटकन खाली बसला. लोकशाहीपर्यंत भाषण गेलं तेव्हा मागच्या दारानं एक बकरी जीपमध्ये चढवली जात होती. लीलाधरनं भाषण सोडून तिला खाली उतरवलं. दोघांनी ती पुन्हा चढवली. त्यानं पुन्हा उतरवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी कंटाळून बकरीच स्वतः आत चढली आणि बाकाखाली जाऊन बसली. कोंबडीही परत आली होती.

"चला आता," प्रमिला म्हणाली. "आणखी दोन गावांत परत केलंत तर आपल्यालाच बसायला जागा राहायची नाही."

धुळ्याला शेठजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. आत गुमास्ता वर्तमानपत्र वाचत होता.

"काय मास्तर, पसंत?"

"टायर झिजलेत," लीलाधर म्हणाला.

"हो, झिजलेत."

"टप फाटलंय. रेडिएटर गळतं."

"जुनी गाडी आहे. थोडं कमी करू," शेठजी म्हणाले. प्रमिलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेवढ्यात जीपमधून बकरी ओरडली.

"हे काय?" शेठजींनी विचारलं.

प्रमिलानं नवऱ्याचा सदरा मागून ओढला. पण लीलाधरच्या सदऱ्याला आणि सदसद्विवेकबुद्धीला एकदमच ओढ बसली होती, आणि त्यानं दुसरीचं ऐकलं.

"शेठजी, खरी खोड मी तुम्हाला सांगितलीच नाही! ही गाडी नासलेली आहे. हिला बघून माणसं तूप आणतात, वांगी आणतात. परत करायला गेलं तर दुप्पट आणतात! त्यांना वाटतं मी कुणी अधिकारी आहे. मी! गाडी थांबली की म्हातारेकोतारे उठून उभे राहतात. बिड्या विझवतात. मान खाली घालतात. माणसाची माणसापुढं ही अशी लाचारी, शेठजी! किंमत आणखी उतरवली पाहिजे!"

शेठजी पायरीवरून उठले.

"उभे राहतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळे!"

"पारोळ्याला पण?"

"एरंडोल, पाळधी, सगळीकडं!"

शेठजींनी वळून गुमास्त्याकडं पाहिलं. गुमास्त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"मी तीस वर्षं या दुकानात येतो, मास्तर," शेठजी म्हणाले. "मी आलो म्हणून या माणसानं अजून मान वर केलेली नाही. घरी बायकोचं, लाडकुंवरचंही तेच." त्यांनी जीपच्या निळ्या दारावरून हात फिरवला. "गाडी विकायची नाही आता."

"पण शेठजी, मला ती पाहिजे आहे! मी पिवळा रंग..."

"रंगाला हात लावायचा नाही!" शेठजी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. मग मवाळ झाले. "धनसिंग, बकरी आणि कोंबडी पांजरपोळात सोड. मास्तरांना स्टँडवर पोचव. तूप आणि वांगी न्या मास्तर घरी."

"मी काहीही नेणार नाही!" लीलाधर म्हणाला. प्रमिला दोन्ही डब्यांकडं बघत जीपमध्ये चढली.

एस.टी. स्टँडवर रविवारची गर्दी होती. जळगावची गाडी खच्चून भरलेली. धनसिंगनं जीप थेट तिच्या दाराशी नेली आणि लीलाधर गर्दीत सापडू नये म्हणून त्याचा दंड धरून त्याला वाट काढून दिली. वाचनालय गेल्याच्या दुःखानं लीलाधरचा आवाज चढला होता.

"मी काही घेतलेलं नाही, धनसिंग! मी सगळं परत करत होतो! तुझ्या डोळ्यांसमोर!"

"हो साहेब," धनसिंग म्हणाला आणि कंडक्टरला त्यानं सांगितलं, "यांना जळगावपर्यंत नीट पोचवा."

कंडक्टरनं जीप पाहिली. धनसिंगच्या मिशा पाहिल्या. मागचं अख्खं बाक त्यानं मोकळं करून दिलं. त्यावरची माणसं न सांगताच उठली होती आणि त्यांच्या बायका पाटल्या पदराखाली घेत होत्या.

"या लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय," लीलाधर उठायला लागला. "मी सांगतो त्यांना."

"बसा गुपचूप," प्रमिला म्हणाली. "जागा मिळालीय."

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत मागं आला आणि त्यांना वगळून परत फिरू लागला.

"थांबा!" लीलाधर ओरडला. "आमची दोन तिकिटं! मी फुकट प्रवास करत नाही. या जन्मात मी कुणाच्या पैला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही!"

कंडक्टरनं निमूट दोन तिकिटं फाडली. मग प्रमिलाकडं वाकून, फार मायेनं म्हणाला,

"काळजी करू नका वहिनी. असं बोलायला लागलेत ना, सुधारतील आता."