मिसेस थर्टल यांच्या शेतातली एक सकाळ

माझी चूक एवढीच, की मी नवे बूट घेतले. शेत नवं, मशीन नवं, तर बूटही नवे. यात कोणाचं काय बिघडतं? (बिघडलं. सांगतो.)

ते शेत साधंसुधं नव्हतं. इंग्लंडातल्या नॉरफकमधल्या आमच्या गावात जुन्या काळी जत्रा भरायची ती चर्चमागच्या याच शेतात. जत्रा म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे फाटके खिसे आणि फाटके खिसे म्हणजे मातीत नाणी. जमिनीतला धातू हुडकायचं मशीन घेऊन हिंडणारे आसपासचे सगळे डिटेक्टरवाले या शेतावर टपलेले आणि मालकीण मिसेस थर्टल सगळ्यांना फाटकावरूनच हाकलायच्या. माझी बायको ऑड्री दोन हिवाळे त्यांच्या मेंढ्यांची बाळंतपणं करत गोठ्यात राबली, तेव्हा कुठे आम्हाला एक सकाळ मिळाली. ती नीट पार पडली तर वर्षभर परवानगी, नाहीतर फाटक कायमचं बंद.

"खणा, पण खड्डा कुठे होता ते मला कळता कामा नये," मिसेस थर्टल म्हणाल्या. "सोमवारी इथे मेंढ्या चरायला सोडायच्यात."

"बाई, मी जन्मभर पत्रकारिता केली. झाकलेलं उघडणं हाच माझा धंदा!"

"मला उघडलेलं झाकणारा हवाय."

ऑड्री माझं जुनं मशीन घेऊन कोपऱ्यात गेली आणि स्वेटर विणावा तशा संथ लयीत ते फिरवू लागली. मी मधोमध उभा राहिलो. पहिल्याच फेरीला मशीन किंचाळलं! खणलं. काही नाही. पाऊलभर सरकलो. पुन्हा किंचाळलं. खणलं. उजवीकडे वाजे, डावीकडे वाजे. जत्रेतल्या यच्चयावत माणसांचे खिसे फाटके असावेत! बुजवायला फुरसत कोणाला?

"क्लेम," लांबून ऑड्री ओरडली, "हा खंदक कोणाविरुद्ध?"

माझा संताप अनावर झाला. निकृष्ट माल विकणाऱ्या भल्याभल्यांना मी पहिल्या पानावर टांगलं आहे. तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"तुमचं मशीन खोटं बोलतं!"

"हवेत धरा, साहेब. वाजतं?"

"नाही."

"लांब हात करून जमिनीवर?"

"नाही."

"पायाजवळ?"

"बोंबलतंय!"

"बूट कसले आहेत?"

"उत्तम आहेत! खाणीत घालतात तसले. पुढे आत पोलाद..." मी बुटांकडे पाहिलं.

"म्हणजे साहेब, सकाळपासून तुम्ही स्वतःलाच शोधताय."

मी फोन ठेवला. (खरं तर त्याने ठेवला. त्याला हसू आवरेना.)

एवढ्यात मिसेस थर्टल यांचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला. मी बचावाचं भाषण जुळवू लागलो. ऑड्री मात्र फावडं घेऊन माझे खड्डे बुजवायला लागली होती. ढेकळावर ढेकूळ असं बसवत होती, की बघत राहावं. मिसेस थर्टल उतरल्या. ऑड्रीने खिशातून काहीतरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. चांदीचं नाणं, बरोबर अर्धं कापलेलं.

"मोडलंस?"

"नाही हो. तेव्हा सुट्टे नसले की नाणंच कापायचे. जत्रेत कोणाच्या तरी हातातून पडलं असेल. बिचारा माणूस किती शोधत बसला असेल!"

मिसेस थर्टल यांनी अंगठ्याने माती पुसली आणि नाणं मुठीत घेतलं. मग शेताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ऑड्री, वर्षभर ये. वाटेल तेव्हा ये."

"आणि मी?" मी विचारलं.

"कडेने पायवाट आहे. सार्वजनिक आहे. तिथून तुम्हाला हाकलायचा मला कायद्याने अधिकार नाही."

तेव्हापासून ऑड्री शेतात असते आणि मी पायवाटेवर. परवा कुत्रा फिरवणाऱ्या एका बाई थबकल्या.

"किती निगुतीने करतायत हो! कोण त्या?"

"माझी बायको!" मी छाती फुगवून म्हणालो.

"वा! आणि तुम्ही काय करता?"

"चहा," मी म्हणालो.